पहिला नंबर मेजचा, पण चार्ल्सटनचं काय?

‘ऑल टाइम इलेव्हन’चा वाद सुरू झाला की तो कुणीच जिंकत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. गावस्कर आज टी-ट्वेंटी खेळला असता तर? याला उत्तर नाही. पण अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांनी यावर एक तोडगा कधीचाच काढून ठेवलाय. ते चक्क सामना लावून बघतात. वारलेले, निवृत्त झालेले आणि आजचे खेळाडू, सगळे एकाच काल्पनिक लीगमध्ये.

हॅल रिचमन नावाच्या माणसाने १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, आणि कार्डावर त्याच्या खऱ्या आकडेवारीवरून मांडलेल्या शक्यता. तीन फासे टाकायचे. एका फाशावर १ ते ३ पडले तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४ ते ६ पडले तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज सांगते की हिट, आउट की होमरन. आज हेच काम ‘आउट ऑफ द पार्क’सारखे कॉम्प्युटर गेम काही सेकंदांत करतात. २०२० मध्ये कोविडमुळे खरा सीझन लांबला, तेव्हा अशाच सिम्युलेटेड सामन्यांवर अनेकांनी दिवस काढले.

अशा लीगमध्ये सगळ्यात जास्त भांडण होतं ते सेंटर फिल्डरवरून. ही जागा कुठली? क्रिकेटमध्ये लाँग ऑन आणि लाँग ऑफ एकाच माणसाला दिलं आणि वर त्या पट्ट्याची कॅप्टन्सीही दिली, तर जे होईल ते. उंच उडालेला बॉल त्याने ‘माझा’ म्हटला की डावी-उजवीकडच्यांनी बाजूला व्हायचं. हे किती महागात पडू शकतं, ते १९५१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दिसलं. विली मेजने बॉल उडवला. सेंटरला जो डिमॅजिओ, त्याच्या शेजारी राइट फिल्डमध्ये नवखा मिकी मँटल. डिमॅजिओने आवाज दिला, धावत आलेला मँटल थबकला, त्याचा पाय मैदानातल्या ड्रेनेजच्या झाकणात अडकला आणि गुडघा गेला. एका बॉलमागे तीन महान सेंटर फिल्डर! मँटल त्यानंतर कधीच पूर्ण तंदुरुस्त नव्हता, तरी त्याने ५३६ होमरन मारले. त्या गुडघ्याशिवाय किती मारले असते, हे मात्र कुठल्याच कार्डावर नाही.

आता मुद्द्यावर येऊ. ही सगळी कार्डं बनतात जुन्या रेकॉर्ड्सवरून, आणि ती रेकॉर्ड्सच २०२४ मध्ये बदलली. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा नव्हती. त्यांच्या स्वतंत्र ‘निग्रो लीग्ज’ होत्या (हा शब्द आज कुणी वापरत नाही, पण त्या लीग्जचं अधिकृत नाव तेच). डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या अशा सात लीग्जना ‘मेजर’ दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत यादीत मिसळले. एका रात्रीत जॉश गिब्सन ०.३७२ च्या करिअर सरासरीने टाय कॉबच्या, म्हणजे ०.३६७ च्या, वर गेला. गिब्सन कॅचर होता, त्यामुळे आपल्या यादीत नाही. पण तिसऱ्या नंबरावर ०.३६३ घेऊन जो आला, तो ऑस्कर चार्ल्सटन सेंटर फिल्डर. तुम्ही हे नाव ऐकलंय? बहुतेक नाही.

लगेच आक्षेप आला, आणि तो अगदीच फालतू नाही. निग्रो लीग्जचे सीझन छोटे, साधारण साठ ते ऐंशी सामन्यांचे, तर गोऱ्यांच्या लीगमध्ये १५४. आयपीएलमध्ये पहिल्या चार मॅचनंतर एखाद्याची सरासरी ८० असते, म्हणून आपण त्याला ब्रॅडमन म्हणत नाही ना? तसंच. म्हणून सिम्युलेशन बनवणारे छोट्या सीझनचे आकडे थोडे खाली ओढतात. गणित म्हणून हे बरोबर आहे. शिवाय सगळे स्कोअरकार्ड अजून सापडलेले नाहीत, आणि गावोगाव फिरून खेळलेले असंख्य सामने मोजलेच जात नाहीत.

पण मग कॉबचं काय? तो १९०५ ते १९२८ खेळला. एकाही कृष्णवर्णीय पिचरला त्याला लीगच्या सामन्यात तोंड द्यावं लागलं नाही. ट्रिस स्पीकरचंही तेच. चार्ल्सटनला ‘कमी तगड्या लीग’ची कात्री लावायची, तर ती या दोघांनाही लागायला हवी, कारण त्यांच्या लीगमधूनही चांगले खेळाडू मुद्दाम बाहेर ठेवले होते. कार्ड बनवताना एकालाच कात्री लावली, तर त्या जुन्या दारावरचा पहारेकरी आपण सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभा केला म्हणायचं.

दुसरी गोची फिल्डिंगची. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये फिल्डरला १ ते ५ रेटिंग असतं, १ म्हणजे सर्वोत्तम. आज कॅमेरे प्रत्येक पाऊल मोजतात, पण ही ‘स्टॅटकास्ट’ यंत्रणा सगळ्या मैदानांवर आली २०१५ मध्ये. स्पीकर आणि चार्ल्सटन दोघेही इन्फिल्डच्या अगदी जवळ उभे राहायचे आणि डोक्यावरून जाणारा बॉल मागे धावत पकडायचे, हे आपल्याला बघणाऱ्यांनी लिहून ठेवल्यामुळे कळतं. म्हणजे सेंटर फिल्डरच्या कार्डावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा बराचसा ऐकीव मतावर उभा आहे. दिसतो मात्र आकडा, म्हणून आपण वाद घालत नाही. डेटा म्हटलं की आपण गप्प बसतो.

एवढं सगळं धरून माझी यादी. पहिला विली मेज. ६६० होमरन, १२ गोल्ड ग्लोव्ह, आणि करिअरचा बहुतेक भाग सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या लीगमध्ये, त्यामुळे कात्री लावायला जागाच कमी. तोही सुरुवातीला बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला होता, तिथल्या १० हिट्स २०२४ मध्ये त्याच्या खात्यात आल्या आणि त्याच जूनमध्ये ९३ व्या वर्षी तो गेला. दुसरा चार्ल्सटन. भावनेच्या भरात म्हणत नाहीये. आकडेवारीचा बाप मानल्या जाणाऱ्या बिल जेम्सने २००१ मध्येच सर्व काळच्या खेळाडूंमध्ये त्याला चौथा ठेवला होता, मेजच्या लगेच खाली. तिसरा मँटल. तुमची लीग फक्त सर्वोत्तम सीझन धरत असेल, तर १९५६ चा मँटल पहिलासुद्धा येईल. ५२ होमरन आणि ०.३५३ ही थट्टा नाही. चौथा स्पीकर, पाचवा कॉब. कॉबचे चाहते चिडतील, पण सेंटरला मला आधी ग्लोव्ह हवा. माइक ट्राउट तीनदा एमव्हीपी आहे, दुखापतींनी त्याला खाली आणलं. ग्रिफी ज्युनिअर त्याच्या आसपास.

दुसऱ्या नंबराबद्दल भांडायचं असेल तर एक करून बघा. समोर वॉल्टर जॉन्सनला पिचर म्हणून ठेवा. तो आणि चार्ल्सटन अनेक वर्षं एकाच काळात खेळत होते, पण लीगच्या सामन्यात समोरासमोर येण्याची त्यांना परवानगी नव्हती. आता फासे टाका. ३ पडला तर चार्ल्सटनचं कार्ड, ४ पडला तर जॉन्सनचं.