विसणाचें पाणी

स्नानाचें पाणी कसें तापवावें हें आपल्या घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. तें अति तापूं नये म्हणून काय करावें, याचा विचार मात्र क्वचितच होतो. हिंवाळ्यांत बंबांतील कढत पाण्यांत विसण घातलें कीं काम भागतें. परंतु चैत्र-वैशाखांत विसणाचें पाणीच तापलेलें असतें! गच्चीवरील काळी टांकी व भिंतीवरचा उघडा नळ दिवसभर उन्हांत. दुपारीं तोटी सोडावी तों हात मागें घ्यावा लागतो.

एकत्र कुटुंबांत ही गोष्ट किरकोळ नव्हे. एकाच न्हाणीघरांत ६ महिन्यांचें तान्हें मूल न्हातें आणि ८० वर्षांचे आजोबाही. ६० अंश सेल्सिअस उष्णतेचें पाणी मोठ्या माणसासही सुमारें ५ सेकंदांत खोल भाजतें. मुलाची त्वचा पातळ, तें त्याहून लवकर पोळतें. वृद्धांच्या रक्तवाहिन्या ऊन पाण्यानें शिथिल होऊन रक्तदाब उतरतो व उठतांना भोवळ येते. वाग्भटानेंही अष्टांगहृदयांत ऊन पाण्याचें स्नान मानेखालील अंगास बलकारक, परंतु मस्तकावर घेतल्यास केसांस व डोळ्यांस अपायकारक म्हणून सांगितलें आहे.

मग उपाय काय? पाणी निवण्याचा एक मोठा मार्ग बाष्पीभवनाचा. १ लिटर पाण्याची वाफ झाली, तर मागें राहिलेलें १०० लिटर पाणी सुमारें ५ ते ६ अंशांनीं निवतें. माठाचें मर्म हेंच. यास्तव सायंकाळीं रुंद तोंडाच्या घंगाळांत पाणी भरून, वर पातळ फडकें बांधून, तें वाऱ्यावर ठेवावें. सकाळीं तेंच विसणास घ्यावें.

टांकीचें झांकण मात्र उघडें टाकूं नये. डेंग्यू पसरविणारे डास अशाच सांठविलेल्या पाण्यांत अंडीं घालतात. टांकीस सावली करावी. कोणी ओलीं पोतीं गुंडाळावयास सांगतात; परंतु आमच्या सुरगाण्याकडे पावसाळ्यांत मुसळधार आणि उन्हाळ्यांत हंड्याहंड्याची टंचाई. पाणी खर्चून पाणी निवविण्यापेक्षां बांबूचे तट्टे उभे करावे व टांकीस पांढरा रंग द्यावा, हें बरें.

परदेशीं राहणाऱ्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या अंगणांत ऊन पाण्याचे मोठे टब असतात, त्यांसही हाच नियम लागू आहे. उन्हाळ्यांत तापविण्याचें यंत्र बंद असूनही तें पाणी तापत राहतें. कारण जाड झांकण उष्णता कोंडून ठेवतें, आणि पाणी फिरविणाऱ्या पंपाची शक्ति अखेर उष्णतेंतच परिणत होते. पंप स्वच्छतेपुरताच व रात्रीं चालवावा. दिवसा टबावर सावली धरावी. रात्रीं गार हवेंत, मुलें जवळ नसतांना व मोठ्या माणसाच्या देखत, झांकण कांहीं वेळ काढावें. पाणी ४० अंशांहून अधिक तापलेलें असतां कोणींही त्यांत उतरूं नये; गर्भवतीनें तर डॉक्टरांस विचारल्याखेरीज मुळींच नाहीं.

घरोघरीं पाळण्याजोगे नियम तीनच. दुपारीं नळांतील पहिलें पाणी निराळ्या बादलींत काढावें. तें भांडीं घासण्यास उपयोगी पडतें. स्नानाच्या बादलींत आधीं थंड पाणी घ्यावें, मग कढत. म्हणजे रांगतें मूल मध्येंच हात घालील तरी पोळणार नाहीं. आणि मुलास न्हाऊं घालण्यापूर्वीं पाण्यांत आपलें कोपर बुडवून पाहावें, कारण कामानें घट्टे पडलेल्या हातांस पाण्याचा खरा ताप कळत नाहीं.