पिनाकाच्या पोटात काय आहे?

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पिनाका दिसला की आपल्या पोरांच्या स्टेटसवर तो दिवसभर फिरत असतो. हिरव्या आठ चाकी ट्रकवर बारा नळ्या, खाली जोशपूर्ण संगीत. आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गात त्यावरून एकदा चांगलीच जुंपली. एक जण म्हणाला, बौद्ध माणसाने शस्त्राचं कौतुक करणंच मुळात चुकीचं. दुसऱ्याचे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. तो उसळून म्हणाला, मग इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केल्यावर गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे अर्ज कशाला केला होता? १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यात बाबासाहेबांचा वाटा नव्हता का?

दोघांचंही म्हणणं मला अर्धं पटलं. पण दोघेही बोलत होते ते ट्रकबद्दल. ट्रकमध्ये काय भरलंय याबद्दल कुणीच बोललं नाही.

आधी ट्रकचं बघू. पिनाका पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केला. काम १९८० च्या दशकात सुरू झालं, आणि १९९९ च्या कारगिल युद्धात त्याचा प्रत्यक्ष वापर झाला. एका लाँचरमधून १२ रॉकेट ४४ सेकंदांत सुटतात. प्रत्येक रॉकेटचा व्यास २१४ मिलिमीटर, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, त्यातला साधारण शंभर किलोचा भाग म्हणजे वॉरहेड. पहिल्या आवृत्तीचा पल्ला ३७ किलोमीटरच्या पुढे, नंतरच्या मार्गदर्शित रॉकेटचा ७५ च्या वर. एका बॅटरीत सहा लाँचर, म्हणजे पाऊण मिनिटात ७२ रॉकेट. (नाव शिवाच्या धनुष्याचं. अग्नी, त्रिशूल, नाग हीही त्याच घराण्यातली. बुद्धाचं नाव या राज्यव्यवस्थेला आठवलं ते १९७४ च्या अणुस्फोटाच्या वेळी. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

आता दारूगोळ्याकडे येऊ. ६ फेब्रुवारी २०२५ ला संरक्षण मंत्रालयाने पिनाकाच्या रॉकेटसाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. त्यात रॉकेट दोन प्रकारची आहेत. एक प्रकार आहे प्री-फ्रॅगमेंटेड. स्फोट झाला की आधीच तुकड्यांत घडवलेलं धातूचं आवरण चहूकडे उडतं, आणि काम तिथेच संपतं. दुसऱ्या प्रकाराचं नाव ‘एरिया डिनायल म्युनिशन’, म्हणजे शत्रूला एखादा भूभाग वापरू न देणारा दारूगोळा. रॉकेट हवेतच उघडतं, त्यातून लहान लहान बॉम्ब बाहेर पडतात आणि मोठ्या पट्ट्यावर विखुरतात. साध्या भाषेत सांगायचं तर हा क्लस्टर बॉम्ब. सरकारी पत्रकात हा शब्द सापडणार नाही.

या दोन रॉकेटमधला फरक तांत्रिक वाटतो, पण आपल्यासाठी तो तात्त्विक आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी अहिंसेची जी मांडणी केली ती जैन पद्धतीची नाही. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी फरक केला. बुद्धाने अहिंसा हे तत्त्व म्हणून दिलं, नियम म्हणून लादलं नाही. प्रसंग पाहून माणसाने स्वतः विवेक करायचा, ही त्यातली जबाबदारी. देशाच्या रक्षणासाठी शस्त्र उचलणारा सैनिक या मांडणीत बसतो, म्हणून अभ्यासवर्गातल्या पहिल्या मित्राचं म्हणणं मला पूर्ण मान्य नाही. पण मग तोच प्रश्न प्रत्येक शस्त्राला विचारावा लागेल. शत्रूच्या तोफेवर पडून तिथेच फुटणाऱ्या रॉकेटमागे गरज दाखवता येईल. युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर एखाद्या गुराख्याच्या पोराच्या हातात फुटणाऱ्या लहान बॉम्बमागे कोणती गरज आहे?

मी कल्पनेतलं सांगत नाही. २००६ मध्ये इस्रायलने दक्षिण लेबनॉनवर याच जातीच्या अमेरिकन रॉकेट यंत्रणेतून मारा केला. त्यातल्या एका एम-२६ रॉकेटमध्ये ६४४ लहान बॉम्ब असतात. एका लाँचरच्या बारा रॉकेटचा हिशेब केला तर ७,७२८. यातले बरेच जमिनीवर पडून फुटतच नाहीत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वतःच न फुटण्याचं प्रमाण सुमारे १६ टक्के नोंदवलं होतं. म्हणजे एका लाँचरच्या एकाच माऱ्यात हजाराच्या वर जिवंत बॉम्ब शेतात, संत्र्या-लिंबांच्या बागांत, तंबाखूच्या रानात पडून राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या म्हणण्याप्रमाणे लेबनॉनवरचा बहुतेक मारा शेवटच्या तीन दिवसांत, युद्धबंदी जवळ आली असताना झाला. लोक गावी परतले, पिकं काढायला रानात गेले आणि मरू लागले. त्याच धक्क्यातून क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये डब्लिनला तयार झाला आणि १ ऑगस्ट २०१० पासून लागू झाला. शंभरहून अधिक देश त्यात आहेत. भारत नाही.

यावर लगेच उत्तर येतं, पाकिस्तान आणि चीनने तरी कुठे सही केलीय? खरं आहे. अमेरिका आणि रशियाही त्यात नाहीत, आणि लिथुआनिया तर २०२५ मध्ये करारातून बाहेर पडला. हा मुद्दा हलका नाही. समोरून रणगाडे येत असताना सेनाधिकाऱ्याने काय करायचं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे त्याच्याइतकं ज्ञान नाही. पण दोन गोष्टी मला स्पष्ट दिसतात. पहिली, पर्याय आहे. अमेरिकेनेच या रॉकेटमधून लहान बॉम्ब काढून त्या जागी टंगस्टनचे दीड लाखाहून जास्त कण भरलेलं वॉरहेड आणलं, कारण न फुटलेले बॉम्ब १९९१ च्या आखाती युद्धात त्यांच्याच सैनिकांना मारत होते. आणि आपल्या त्याच दहा हजार कोटींच्या खरेदीत प्री-फ्रॅगमेंटेड रॉकेट आहेच की!

दुसरी गोष्ट जमिनीची. ‘एरिया डिनायल’ म्हणजे भूभाग नाकारणं. कुणाला नाकारणं? २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रमच्या वेळी पंजाब, राजस्थान, जम्मूच्या सीमेवर आपल्याच शेतांत सुरुंग पेरले गेले. युद्ध झालं नाही, पण सुरुंग काढायला वर्षं गेली आणि त्यात सैनिकही मेले, शेतकरीही मेले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पंजाबात जवळजवळ ३२ टक्के लोक अनुसूचित जातींचे आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांकडे जमीन नाही. दुसऱ्याच्या रानात वाकून काम करणारा तोच असतो. सीमेच्या पलीकडेही कापूस वेचायला जमीनदार जात नाही. न फुटलेला बॉम्ब धर्म बघत नाही म्हणतात, पण रानात कोण उतरतं हे जातीनेच ठरलेलं असतं.

हे झालं रॉकेट पडतं त्या टोकाचं. ते भरलं जातं ते टोक आपल्या घराजवळ आहे.

वर सांगितलेल्या १०,१४७ कोटींत सुमारे ६,००० कोटींचा वाटा नागपूरच्या एका खाजगी कंपनीचा, इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हजचा. एरिया डिनायल रॉकेट तीच बनवणार. बाकीचं काम पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ आयुध निर्माणींचं महामंडळीकरण झालं, त्यातून निघालेल्या सात कंपन्यांपैकी ही एक. भंडारा, चांदा, खडकी, देहूरोड, वरणगाव या निर्माणी तिच्याकडे गेल्या. आपल्या किती घरांतली पहिली पक्की नोकरी या गेटांतून आली हे विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांना सांगायला नको. क्वार्टर, दवाखाना, पेन्शन, आणि पोरांचं शिक्षण त्या पगारावर. आता याच निर्माणींच्या जाहिराती वाचा. ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’, मुदतीची कंत्राटी नेमणूक. पदाच्या नावातच धोका लिहिलाय, नोकरी मात्र काही वर्षांची. तिथे निदान जागांमध्ये आरक्षणाचा रकाना असतो. खाजगी कंपनीत तोही नाही. करदात्यांच्या पैशातून, संरक्षण मंत्रालयाच्या ऑर्डरवर उभं राहणारं काम, पण कारखाना खाजगी म्हटलं की कलम १६(४) गेटबाहेरच थांबतं.

आणि धोक्याचं काय? नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आणलेले मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या खाजगी कारखान्यात नऊ मेले, त्यांतल्या सहा स्त्रिया. जून २०२४ मध्ये धामण्याला पुन्हा स्फोट, पुन्हा मरणाऱ्यांत स्त्रियाच जास्त. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या सरकारी निर्माणीत आठ. भंडाऱ्यानंतर बरोबर तेरा दिवसांनी वरचे करार झाले. हे स्फोट पिनाकाच्या कामावर झाले असं मी म्हणत नाही. धोक्याच्या खोलीत कोणाला बसवलं जातं एवढंच दाखवतोय. बारीक बोटांचं, बसून करायचं, पॅकिंगचं काम म्हणून बायका, आणि कमी मजुरीत मिळतात म्हणूनही बायका.

इथे बाबासाहेबांच्या कारकिर्दीतली एक अवघड गोष्ट आठवते. आपण ती फारशी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारने १९४३ मध्ये खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची स्त्रियांची बंदी उठवली. मजूरमंत्री म्हणून फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात त्याची बाजू बाबासाहेबांना मांडावी लागली. पण ती मांडताना समान कामाला समान वेतन ही अट त्यांनी पुढे ठेवली, आणि १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. युद्धाची निकड होती, तरी त्या निकडीत बाईच्या मजुरीचा आणि मुदतीचा हिशेब सुटला नाही. आजच्या मंत्र्यांकडून तेवढंसुद्धा ऐकू येत नाही. उलट २०२१ मध्ये महामंडळीकरणाविरुद्ध कामगार संपावर जाणार म्हटल्यावर आधी अध्यादेश आणि मग कायदा करून संरक्षण उत्पादनातला संपच बेकायदेशीर ठरवला.

अभ्यासवर्गात ज्याच्या स्टेटसवर पिनाका होता, त्याची आई अशाच एका कारखान्यात जाते. सकाळी सहाला नाक्यावर बस येते. काय भरतात, हे तिला माहीत नाही, खोक्यावर नंबर असतो. हातमोजे आहेत, कार्ड ठेकेदाराचं आहे, आणि विमा आहे की नाही हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पोराला पल्ला, व्यास, सेकंद सगळं पाठ. हे मी त्याला टोमणा म्हणून सांगत नाही. मलाही त्या दिवसापर्यंत आकडेच पाठ होते.

त्यानंतर आम्ही माहिती अधिकाराचे दोन अर्ज लिहायला घेतले. स्फोटकांच्या कारखान्यांना परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे. गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यातल्या कारखान्यांची किती वेळा तपासणी झाली आणि काय त्रुटी निघाल्या, हे त्यांना विचारतोय. दुसरा अर्ज संरक्षण मंत्रालयाला: पिनाकाच्या दारूगोळ्याच्या करारांत कंत्राटी कामगारांची सुरक्षा, विमा आणि अनुसूचित जाती-जमातींना रोजगार याबद्दल एखादी तरी अट आहे का, आणि एरिया डिनायल रॉकेटमधले न फुटणारे बॉम्ब किती टक्के चालतील याची मर्यादा ठरवली आहे का. सुरक्षेचं कारण देऊन दुसरा अर्ज फेटाळतील, हे धरून चाललोय. अपिलाचा मसुदा त्यामुळे आताच करून ठेवलाय. भंडारा आणि भद्रावतीकडच्या साथींनी आपापल्या निर्माणीतल्या मुदतीच्या नेमणुकांच्या जाहिराती जमवून पाठवल्या तर त्याला जोडता येतील.