शरीर स्वतः बरे होते, मग श्रेय भगताला कशाला?

मुक्ताईनगरपासून चोपड्यापर्यंत, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत, काविळीचे 'गावठी औषध' देणारा एक तरी माणूस सापडतोच. कुणी नाकात थेंब टाकतो, कुणी गळ्यात काड्यांची माळ घालतो, कुणी रुग्णाचे हात चुन्याच्या पाण्यात धुऊन पाणी पिवळे करून दाखवतो. महिनाभरात रुग्ण हिंडूफिरू लागतो आणि गाव म्हणते, गुण आला. आमचे शिकलेले तरुणही मग विचारतात, "निसर्गोपचाराला तुम्ही विरोध का करता? माणूस बरा झाला की नाही?"

झाला. पण त्याला बरे कुणी केले?

आपल्याकडे पावसाळ्यात पसरणारी कावीळ बहुधा 'अ' किंवा 'ई' या विषाणूंची असते. हे विषाणू घाण पाण्यातून पोटात जातात. निरोगी माणसाचे शरीर काही आठवड्यांत त्यांचा नायनाट करते. यकृत हा तर असा अवयव आहे की त्याचा मोठा भाग कापून काढला तरी तो पुन्हा वाढतो. माळ घातली काय आणि न घातली काय, यातले बहुतेक लोक बरे होणारच होते. माळ लांबते, कारण ओल्या काड्या वाळून आक्रसतात आणि गाठी सैल पडतात. पाणी पिवळे होते, कारण हाताला आंब्याच्या सालीचा रस आधीच चोळलेला असतो. श्रम रुग्णाच्या शरीराने करायचे आणि श्रेय व दक्षिणा दुसऱ्याने घ्यायची! ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. हजारो वर्षे आपल्या घामाचे असेच झाले.

सर्पदंशातही हीच लबाडी चालते. केळीच्या बागेत, ज्वारीच्या शेतात चावणारे बरेच साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक वेळी विष टोचतोच असे नाही. असे रुग्ण मांत्रिकाकडे नेले तरी वाचतात आणि मांत्रिकाचे नाव होते. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष खरोखर अंगात गेले, तर त्यावर प्रतिविष हाच इलाज आहे. तिथे मंत्रात गेलेला प्रत्येक तास जीवघेणा ठरतो. जे वाचले ते गावभर सांगत फिरतात. जे गेले ते सांगायला येत नाहीत. म्हणून मांत्रिकाच्या खात्यात फक्त यशच जमा दिसते.

काविळीचेही तसेच. पित्तनलिकेत खडा अडकला, दारूने यकृत सडले, 'ब' विषाणू शिरला किंवा लेप्टो झाला, तरी डोळे पिवळेच दिसतात. 'ई' कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीसपर्यंत बाया दगावल्याच्या नोंदी आहेत. माळ घालणाऱ्याला यातला फरक कळतो का? रक्त तपासल्याशिवाय तो डॉक्टरलाही कळत नाही.

म्हणजे डॉक्टर तेवढे सगळे साव, असे आम्ही म्हणत नाही. साध्या सर्दीतापावर सलाईनची बाटली लावणारा, गरज नसताना अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड देणारा, आणि चार दिवसांनी आपोआप उतरणारा ताप आपण उतरवला असे सांगून मजुराची आठवड्याची मजुरी काढून घेणारा, हाही गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला भगतच आहे. सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही, ही समजूत आपल्या वस्त्यांतून जायला हवी. शरीर स्वतःची दुरुस्ती करते, हे विज्ञानच सांगते. जखम भरते, मोडलेले हाड सांधते. प्लास्टर ते फक्त जागेवर धरून ठेवते. प्रश्न एवढाच, की या शरीराला बरे व्हायला काय लागते, आणि ते आपल्याला मिळते का?

निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते सांगतात: शुद्ध पाणी, मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती. यादी उत्तम आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला, तोही गरिबांसाठी. ज्यांनी १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टर आणि इस्पितळांवर कडक टीका केली, त्याच गांधीजींना जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छासाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हे आम्ही हिणवण्यासाठी सांगत नाही. मर्यादा कुठे येते, एवढेच दाखवतो. आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. ती यादी पुन्हा वाचा. शुद्ध पाणी? त्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. मोकळी हवा? आपली घरे गावकुसाबाहेर, गावाची घाण वाहत येते तिथे. सकस आहार? विश्रांती? रोजंदारीवरच्या बाईने तीन आठवडे मातीच्या पट्ट्या बांधून पडून राहायचे, तर चूल कोण पेटवणार?

निसर्ग भेदभाव करत नाही म्हणतात. पण निसर्गापर्यंत पोहोचण्याची वाट जात अडवते. हे ज्या निसर्गोपचाराला दिसत नाही, तो खात्यापित्या माणसाची सुट्टी ठरतो.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना पगारी रजा, कामाचे कमी तास आणि खाणीतल्या स्त्रियांचे प्रसूती लाभ यांचे कायदे झाले. शरीराला सावरायला लागणारा वेळ त्यांनी उपदेशातून नाही, कायद्यातून मिळवून दिला. कामगारांसाठी यापेक्षा मोठा निसर्गोपचार आम्हाला माहीत नाही.

मुक्ताईनगरचा उन्हाळा घ्या. पारा ४५ अंशांवर जातो. अंगाला घाम येतो आणि तो सुकताना शरीर थंड होते. हीसुद्धा शरीराची स्वतःची यंत्रणाच. पण ती चालायला पाणी, सावली आणि मधली सुट्टी लागते. केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत, तर तीच यंत्रणा कोलमडते आणि उष्माघात होतो. एका बाजूला पूर्णा, चांगदेवला तापीचा संगम, पलीकडे हतनूरचे धरण. एवढे पाणी उशाला असताना वस्तीच्या नळाला गटाराचे पाणी मिसळत असेल, तर दोष शरीराचा नाही.

आणि काही आजार असे आहेत जिथे शरीर एकट्याने लढूच शकत नाही. सिकलसेल हा त्यातला आपल्या अगदी जवळचा. विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि सातपुड्याच्या आदिवासींमध्ये तो मोठ्या प्रमाणात आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; सिकलसेलमध्ये ती दहा-वीस दिवसांत फुटते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हा कुणाचा शाप नाही, करणी नाही आणि उपवासाने जाणाराही नाही. रक्ततपासणी, हायड्रॉक्सियुरियासारखे औषध आणि नियमित देखरेख यांनीच रुग्ण सांभाळता येतो. क्षयाचेही तसेच: पूर्ण मुदतीची औषधे हवीतच. पण झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. शरीराची ताकद खरी आहे. तिला शिधा लागतो.

आपली परंपराही हेच सांगते. पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीमाई अंगारा वाटत बसल्या नाहीत. त्यांनी रुग्णांना डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ ला प्राण सोडला. बाबासाहेबांनी मधुमेहावर इन्सुलिन घेतले. तथागतांनी अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदासह हातांनी धुऊन काढले आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असे संघाला शिकवले. तिथे चमत्कार नव्हता. पाणी होते आणि माणसे होती.

म्हणून तरुणांनो, कामाला लागा. वस्तीतल्या पाण्याची तपासणी मागा आणि निकाल विहारात लावा. सर्पदंशाचे प्रतिविष आज शिल्लक आहे का, हे सरकारी दवाखान्यात जाऊन दर महिन्याला विचारा. लग्नाआधी पत्रिका नको, सिकलसेलची तपासणी करा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा पाठ करा. आणि कुणी 'गुण आला' म्हणाले, तर तीन प्रश्न विचारा. आजार नेमका कोणता होता? तो आपोआप गेला असता का? ज्यांना गुण आला नाही, ते कुठे आहेत?

आपले शरीर आपल्यासाठी राबते आहे. त्याचे श्रेय भगताच्या पदरात टाकू नका, आणि त्याच्या वाट्याचे पाणी, अन्न व विश्रांती कुणाला हिरावू देऊ नका.

जय भीम!