बोट वर करायचं की नाही?

रविवारची मॅच ठरते. बॅट कोण आणणार, बॉलचे पैसे कोण भरणार, ओपनिंगला कोण जाणार, सगळं ग्रुपवर पाच मिनिटांत ठरतं. ‘अंपायरिंग कोण करणार?’ असं कुणी विचारलं की मात्र ग्रुप एकदम शांत. मग जो लवकर आऊट झालाय किंवा ज्याचा नंबर शेवटी आहे, त्याच्या गळ्यात हे काम पडतं. आणि पुढच्या ओव्हरपासून तोच सगळ्यांचा शत्रू!

गंमत म्हणजे टीव्हीसमोर बसलो की आपण सगळेच पंच असतो. ‘अरे, प्लंब होता यार, दिसत नाही का याला?’ आपल्याकडे स्लो मोशन असतं, चार अँगल असतात आणि चुकलो तरी आपलं काही जात नाही. मैदानावरच्या पंचाकडे यातलं काहीच नसतं. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला बॉल साधारण अर्ध्या सेकंदात बॅट्समनपर्यंत पोहोचतो. तेवढ्यात टप्पा कुठे पडला, बॅटची कड लागली का, पॅडवर कुठे आदळला हे बघायचं. आणि मध्ये पॅड नसतं तर बॉल स्टंपवर गेला असता का, हेही ठरवायचं. म्हणजे जे घडलंच नाही, त्यावर निकाल द्यायचा!

म्हणूनच माझं म्हणणं आहे की, प्रत्येकाने कॉलेजात असताना निदान एकदा तरी अंपायरिंग करावं. क्रिकेट फारसं आवडत नसलं तरी.

एक तर गप्प राहायची सवय लागते. क्रिकेटच्या नियमावलीत ३१ वा नियम अपीलचा आहे. फिल्डिंग करणाऱ्या टीमने अपील केल्याशिवाय पंच कुणालाही आऊट देऊ शकत नाही, मग बॅट्समन खरोखर आऊट असला तरी. आता आपल्या ग्रुपकडे बघा. कुणाच्या तरी चॅटचा अर्धवट स्क्रीनशॉट येतो. आपल्याला कुणी विचारलेलं नसतं, आधीचं-नंतरचं काही माहीत नसतं. तरी दहा जणांची बोटं वर! ‘ती तशीच आहे’, ‘तो फेक आहे’. ज्याला आऊट दिलं, त्याच्याकडे रिव्ह्यूही नसतो.

दुसरं, शंकेचं काय करायचं ते कळतं. ‘अंपायर्स कॉल’वर आपण कायम चिडतो. बॉल स्टंपला लागताना दिसतोय, मग नॉट आऊट कसा? पण पॅडनंतरचा बॉलचा मार्ग हा मशीनचाही अंदाजच असतो. म्हणून अर्ध्याहून कमी बॉल स्टंपला लागत असेल, तर मैदानावरच्या पंचाने जे दिलं ते कायम राहतं. २००८ मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यात डीआरएसचा पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून कॅमेरे सुधारले, तंत्रज्ञान सुधारलं, तरी शेवटी कुणीतरी माणसाने ठरवायचं ही जागा उरलीच आहे.

आणि तिसरं, निर्णय फक्त पंचच देतो हा गैरसमज जातो. २०१९ ची हेडिंग्ले टेस्ट आठवा. इंग्लंडची शेवटची विकेट, जिंकायला २ रन. नेथन लायनचा बॉल बेन स्टोक्सच्या पॅडवर आदळला. पंच जोएल विल्सन यांनी नॉट आऊट दिलं. रिप्लेमध्ये आऊट दिसत होता, पण ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यूच नव्हता. शेवटचा रिव्ह्यू त्यांनी थोड्याच वेळापूर्वी लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या बॉलवर घालवला होता. इंग्लंड जिंकलं आणि शिव्या खाल्ल्या विल्सन यांनी. पण तो रिव्ह्यू घ्यायचा, हाही कुणाचा तरी निर्णयच होता ना?

निर्णय बरोबर असला की फायदाच होतो, असंही नाही. १९८० मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या टेस्टमध्ये पंचांनी बॉब टेलरला कॅच आऊट दिलं. बॅट लागलेली नाही, अशी भारताचा कॅप्टन गुंडप्पा विश्वनाथची खात्री होती. त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने मोठी भागीदारी केली, भारत १० विकेट्सनी हरला. तरीही इतक्या वर्षांनी त्या मॅचचा विषय निघाला की विश्वनाथचं नाव आदरानेच घेतलं जातं.

आता हे सगळं आपल्या कॉलेजात आणू. पाच जणांचा प्रोजेक्ट. एकाने काहीच केलेलं नाही आणि तो तुमचा जिगरी दोस्त आहे. सबमिशनच्या दिवशी मॅडम विचारतात, ‘सगळ्यांनी काम केलंय ना?’ सगळे खाली बघतात. ‘आपण कशाला बोलायचं?’ पण तिथे गप्प राहिलात म्हणजे तुम्ही निर्णय टाळला नाहीत, नॉट आऊट दिलंत. ज्या मुलीने रात्रभर जागून त्याच्या वाटची पानंही लिहिली, तिच्या विरोधात दिलंत. अपील झालेलं होतं, तुम्ही जवळून पाहिलेलं होतं. इथे बोलणं हेच पंचाचं काम होतं.

पुढे इंटर्नशिपमध्ये, नोकरीत, घरात असे प्रसंग येतच राहणार. रिप्ले मिळणार नाही, वेळ कमी असेल, दोन्हीकडची माणसं आपली असतील. चुकाल कधीतरी. नियम पंचालाही निर्णय बदलायची मुभा देतात, फक्त तो लगेच बदलावा लागतो. मॅच संपल्यावर ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ म्हणून चालत नाही.

तेव्हा येत्या रविवारी ग्रुपवर तो प्रश्न आला आणि सगळे गप्प झाले, की ‘मी करतो’ किंवा ‘मी करते’ असं टाकून द्या. खिशात सहा खडे ठेवा, बॉल मोजायला. दोस्त बॅटिंगला असेल, बॉल पॅडवर आदळेल, अकरा जण ओरडतील. आऊट वाटला तर बोट वर करा. संध्याकाळचा चहा तो पाजणार नाही कदाचित. पुढच्या रविवारी बोलेल.