दाखल्याआड अडलेला हक्क

दिवाळी अंकाच्या संपादकीयात रुपया-आण्यांचा हिशेब मांडू नये असा संकेत आहे. यंदा तो मोडतो आहोत. निमित्त सप्टेंबर २०२५ मधल्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाचे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये झाले. आंदोलने, उपोषणे आणि निवेदनांच्या अनेक वर्षांनंतर आलेली ही वाढ स्वागतार्हच आहे. तरी भिवंडीसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात पहिला प्रश्न रकमेचा नाही, ती कोणापर्यंत पोहोचते याचा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. तेच प्रमाण तेव्हाच्या सात लाख भिवंडीकरांना लावले तर एकट्या या शहरात अठरा हजारांच्या आसपास माणसे होतात. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, म्हणजे आजचा आकडा याहून मोठाच असणार. यातल्या अनेकांना योजनेच्या दारातच थांबावे लागते. आपल्याकडे सरकारी मदत अपंगत्वाला मिळत नाही, दारिद्र्याला मिळते, हे त्याचे कारण आहे.

नियम असा की अर्जदार दिव्यांग असला तरी त्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवे. महिन्याला सुमारे ४,१६७ रुपये, तेही सगळ्या घराचे मिळून. रोजगार हमी योजनेचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात १६१ दिवस काम केले की मर्यादा ओलांडली जाते. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार किंवा माणकोली-राहनाळच्या गोदामांत माल चढवणारा हमाल यापेक्षा कमी कमावून कुटुंब जगवू शकत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात. खरे उत्पन्न सांगायचे आणि दिव्यांग मुलाचा हक्क सोडायचा, नाहीतर तहसील कचेरीतून जमेल तसा ५० हजारांच्या आतला दाखला मिळवायचा. प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला लावणारा नियम शासनच लिहिते आणि मग खोट्या दाखल्यांची चौकशीही शासनच लावते. आणखी एक उलटा परिणाम आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची आई काम सोडून घरी बसली तर घर पात्रतेच्या जवळ येते. तिने शिवणकाम करून चार पैसे जोडले तर दूर जाते. थेरपी, डायपर, श्रवणयंत्राची बॅटरी, रुग्णालयापर्यंतची रिक्षा हे खर्च मात्र तिच्या कमाईने एका पैशाने कमी होत नाहीत.

भिवंडीत याला स्थलांतराची जोड आहे. योजनेसाठी महाराष्ट्रातले किमान १५ वर्षांचे वास्तव्य लागते. उत्तर प्रदेशातून वा बिहारमधून येऊन भाड्याच्या खोलीत राहिलेल्या आणि दर एक-दोन वर्षांनी पत्ता बदललेल्या कामगाराने ते कशाच्या आधारावर सिद्ध करायचे? मागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहिल्याने येणारे बहिरेपण कारखाने अधिनियमाच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत होते. पण मोजक्या कामगारांचे छोटे कारखाने त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणजे ज्या राज्यात माणूस बहिरा झाला, त्या राज्याचा तो रहिवासी आहे की नाही यावर त्याची मदत अडते. भिवंडीच्याच पद्मानगरातल्या तेलुगू विणकरांच्या मूळ गावी, तेलंगणात, दिव्यांगांना २०२३ पासून महिन्याला ४,०१६ रुपये मिळतात. आंध्र प्रदेशात २०२४ पासून ६,००० मिळतात. केंद्राचा वाटा तर २०१२ पासून ३०० रुपयांवर थिजला आहे, आणि तोही ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्यांपुरताच.

उत्पन्नाची अट काढली तर तिजोरी कोलमडेल, हा पहिला आक्षेप. हिशेब करून पाहू. २०११ च्या गणनेतल्या एकूण एक दिव्यांगाला, अपंगत्वाची टक्केवारी न पाहता, महिन्याला २,५०० दिले तरी वर्षाचा खर्च सुमारे ८,९०० कोटी होतो. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेची तरतूद ३६,००० कोटींची होती आणि तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. बहिणींचे पैसे काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. दिव्यांगाची मर्यादा तिच्या पाचव्या हिश्श्यावर का, एवढेच विचारतो. श्रीमंतांनाही मदत जाईल, हा दुसरा आक्षेप. ती आजच जाते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग करदात्याला ७५ हजारांची, तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते आणि तिला उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही. अपंगत्वाचा म्हणून वेगळा खर्च असतो हे तत्त्व सरकारला मान्य आहे. ते फक्त कर भरणाऱ्यांपुरते मान्य आहे.

तिसरा आक्षेप बनावट प्रमाणपत्रांचा, आणि तो पोकळ नाही. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणाने तो देशभर गाजला. पण त्याचा इलाज तपासणी चोख करणे हा आहे, तपासणी लांबवणे हा नव्हे. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. एवढेच नाही, तर दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो आणि अर्जदाराने पुन्हा हालचाल करायची. दिरंगाई एकाची, शिक्षा दुसऱ्याला!

पैसे मंजूर झाले तरी ते हाताळण्याची अडचण उरते. बौद्धिक दिव्यांग मुलगा अठरा वर्षांचा झाला की बँक पालकत्वाचा कागद मागते. तो राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेतील स्थानिक समितीकडून मिळतो, हे अनेक पालकांना खाते अडल्यावरच कळते. बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा कॅमेऱ्यासमोर पापणी मिटता येत नाही म्हणून केवायसी अडवू नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सविस्तर निर्देश दिले आहेत. बँकेच्या खिडकीवर त्या निकालाचा दाखला द्यायला बिचकू नये.

उत्पन्नाची अट बदलणे मंत्रालयाच्या हाती आहे. महापालिकेला मात्र स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे आणि त्यासाठी कोणा मंत्र्याची वाट पाहावी लागत नाही. भिवंडी-निजामपूर महापालिकेत २०२२ पासून प्रशासक होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुकांना ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली होती. तेव्हा मत मागायला आलेल्या प्रत्येकाला विचारा: या निधीतून गेल्या तीन वर्षांत किती रुपये, कोणत्या प्रभागात, किती जणांच्या खात्यात गेले, आणि ती यादी तुम्ही जाहीर करणार का? उत्तर लेखी मागा.