पावती आपली, चावी कोणाची?

खंडेनवमीला आमच्या घरी अवजारांची पूजा होते. वडिलांच्या काळी पाटावर विळी, कात्री, अडकित्ता आणि त्यांची दौत-लेखणी मांडलेली असे. आता त्या पाटावर संगणक असतो आणि गेली काही वर्षे मोबाइलही असतो. गेल्या खंडेनवमीला मी मोबाइलला हळद-कुंकू वाहत असताना अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा म्हणाला, "मामा, हे यंत्र नक्की तुमचे आहे?"

"म्हणजे? पावती आहे माझ्या नावाची."

"पावती तुमची. चावी कोणाची?"

मला हसू आले. पण त्याने फोन हाती घेऊन मला एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा ते हसू मावळले. मी कधीही न मागितलेली डझनभर ॲप्स त्यात होती. त्यांतली कित्येक काढून टाकता येत नव्हती, फार तर निष्क्रिय करता येत होती. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील प्रा. डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की, अँड्रॉइड असो वा आयफोन, नुसता पडून असलेला फोनही सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपल्या निर्मात्या कंपनीकडे माहिती पाठवतो. ज्या अवजाराचे पाते आपण झोपल्यावरही दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चालते, त्याला आपले अवजार कसे म्हणायचे?

यावर मध्यमवर्गीय घरांतून हमखास येणारे उत्तर ठरलेले आहे : "आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?" हे उत्तर सज्जनपणाचे वाटते, पण आहे ते बेफिकिरीचे. घराला दार असते ते चोरीचा माल लपवण्यासाठी नव्हे. शिवाय कार्यकर्त्याच्या फोनमध्ये त्याचे एकट्याचे काय असते? शंभर घरांचे क्रमांक असतात, कोणाच्या आजारपणाची कागदपत्रे असतात, कोणी विश्वासाने कळवलेली अडचण असते. आणीबाणीत भूमिगतांचे पत्ते कागदावर न ठेवता डोक्यात ठेवणाऱ्या पिढीने आपल्याला घडवले. त्यांचे वारस म्हणवणारे आपण एखाद्या विजेरीच्या ॲपने संपर्कयादी मागितली, तरी न वाचता 'अनुमती' दाबतो! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. हक्क मिळाला, पण तो राखण्याचे कष्ट घेण्याची आपली तयारी नाही.

मी ते कष्ट घ्यायचे ठरवले. भाच्याने सुचवली ती ग्राफीनओएस ही प्रणाली. अँड्रॉइडच्याच खुल्या स्रोतसंहितेवर ती उभी आहे. तिच्यात गूगलच्या सेवा आधीपासून घातलेल्या नसतात आणि तिची संहिता कोणालाही वाचता येते, तपासता येते. एक विसंगती मात्र प्रथमच सांगितली पाहिजे : ही प्रणाली आजवर चालत आली ती गूगलच्याच पिक्सेल फोनवर. आम्ही पैठण गेटच्या मोबाइल बाजारात एक वापरलेला पिक्सेल शोधला. पैसे देण्यापूर्वी भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन 'ओईएम अनलॉकिंग' हा पर्याय चालू होतो का, ते पाहिले. परदेशातील काही दूरध्वनी कंपन्यांनी बांधून दिलेल्या फोनांत तो कायमचा बंद असतो, आणि मग तो फोन आपल्या कामाचा नाही. सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हेही पाहावे लागते. पिक्सेल ८ पासून पुढच्या फोनांना त्या सात वर्षे मिळतात.

पुढचे काम एका संध्याकाळचे होते. फोन सुरू होताना प्रथम जागा होतो तो बूटलोडर, म्हणजे या गढीचा द्वारपाल. त्याचे कुलूप उघडताच फोनमधील सर्व काही पुसले जाते, म्हणून आधी छायाचित्रे व क्रमांक दुसरीकडे उतरवून घ्यायचे. मग फोन संगणकाला जोडून क्रोमियम ब्राउझरमधून नवी प्रणाली चढवायची आणि शेवटी कुलूप न विसरता पुन्हा लावायचे. ते उघडे राहिले तर सारी सुरक्षा व्यर्थ. आमचा पहिला तासभर वाया गेला, कारण संगणकाला फोन दिसेचना. दोष निघाला वायरीत. ती फक्त चार्जिंगची होती, माहिती वाहून नेणारी नव्हती. वायर बदलली आणि काम मार्गी लागले. कला शाखेच्या पदवीधराला जमले ते कोणालाही जमेल.

आता या फोनमध्ये कोणत्याही ॲपचे इंटरनेट मी तोडू शकतो. एखाद्या ॲपने संपर्कयादी मागितली, तर त्याला निवडक दोन नावेच दाखवू शकतो. गूगलच्या सेवा हव्याच असतील, तर त्या सामान्य ॲपसारख्या कुंपणात ठेवता येतात. मराठी लिहिण्यासाठी केरळमधील 'स्वतंत्र मलयाळम् कम्प्युटिंग' या गटाने घडवलेला खुला इंडिक कीबोर्ड आहे.

खरी ठेच लागली ती बँकेच्या ॲपला. ते उघडेचना. "आपले उपकरण असुरक्षित आहे," एवढेच वाक्य पडद्यावर. कुंपणातल्या गूगल सेवा चालू केल्या, त्या ॲपपुरती सुसंगततेची सोय वापरून पाहिली, व्यर्थ! दुसऱ्या एका बँकेचे ॲप मात्र मुकाट्याने चालले. शाखेत विचारणा केली तर अधिकाऱ्यांनी सौजन्याने सल्ला दिला, "साहेब, साधा फोन घ्या ना."

माझा रोष आहे तो इथे. उपकरण सुरक्षित आहे की नाही, हे कितीतरी ॲप्स गूगलच्या शिक्क्यावरून ठरवतात. ज्या फोनला सुरक्षा-सुधारणा येणे वर्षानुवर्षे बंद झाले आहे, तोही शिक्का असल्यास अनेकदा चालतो, आणि आजच सुधारलेली खुली प्रणाली शिक्क्याअभावी दारातून परत जाते. अँड्रॉइडमध्ये यंत्राच्या स्तरावर पडताळणी करण्याची स्वतंत्र सोय आहे. तिचा वापर करून बँका अशी प्रणाली ओळखू शकतात. मग भारतीय नागरिकाने भारतीय बँकेतील आपल्याच पैशांपर्यंत पोहोचण्यासाठी अमेरिकन कंपनीचे प्रशस्तिपत्र का दाखवायचे? अँड्रॉइडच्या बळावर बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. एका हाताने दंड करायचा आणि दुसऱ्या हाताने चावी द्यायची, याला धोरण म्हणत नाहीत.

परावलंबनाची किंमत काय असते, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातमधील वाडिनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवल्या. भारतीय भूमीवरील कंपनीला आपलीच टपाल-व्यवस्था मिळवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली, पण धडा पूर्ववत होणार नाही.

आता थोडे आपल्या स्वदेशीविषयी. पैठण रस्त्यावरील चितेगाव या शहराने अभिमानाने पाहिले आहे. व्हिडिओकॉनने २००९ मध्ये मोबाइलही आणले. पुढे स्मार्टफोन आले तेव्हा पेटीवरचे नाव आपले होते आणि आतली प्रणाली परकी. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मुंबई आय.आय.टी.च्या तरुणांनी भारतीय भाषांसाठी उभारलेली इंडस ओएस २०१५ पासून फोनांत आली आणि २०२२ मध्ये वॉलमार्टची बहुसंख्य मालकी असलेल्या फोनपेकडे गेली. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आय.आय.टी.च्या छायेत भारओएस जाहीर झाली. तिचा पायाही अँड्रॉइडची खुली संहिताच, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण वर आपण बांधले ते सर्वांच्या तपासणीसाठी खुले का ठेवले नाही? नुसत्या नावाने टाळ्या मिळतात, विश्वास तपासणीतून येतो.

कोणी म्हणेल, "तुमची ग्राफीनओएस तरी कुठे स्वदेशी?" नाहीच. तिची संस्था कॅनडात नोंदलेली आहे. पण छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडी परिसरात जहाजे बांधायला घेतली, तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामाला लावले होते. ते कारागीर पुढे काम सोडून गेले, आरमार मात्र थांबले नाही. विद्या कोठूनही घ्यावी, ती आपल्या हाती राहते की नाही एवढे पाहावे. खुली संहिता उद्या कोणी अडवून धरू शकत नाही. तिची प्रत आपल्याकडे राहते आणि ती आपण पुढे वाढवू शकतो.

आणि हे माप आपल्या माणसांनाही लागू हवे. डिसेंबर २०२५ च्या आरंभी 'संचार साथी' ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालण्याचा दूरसंचार विभागाचा आदेश गाजला आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. हेतू फसवणूक रोखण्याचा होता, तरी सक्ती मागे घेतली हेच योग्य झाले. चांगल्या ॲपला सक्ती लागत नाही.

केरळच्या राजकारणाशी आपले कधी जुळले नाही, पण तेथील शासकीय शाळांतील मुले दीड-दोन दशके मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आहेत. आपण चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्कार घालून मोकळे होतो, आणि त्या बहिष्काराचा संदेश पाठवतो तोही परक्या प्रणालीवरून! या शहरात विद्यापीठाच्या परिसरातच केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिकी शिक्षणसंस्था आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, वाळूज-शेंद्र्याचे कारखाने आहेत. महिन्यातून एका रविवारी चार विद्यार्थी, चार वायरी आणि एक संगणक घेऊन वस्तीत बसण्याला कोणाची अनुमती लागते? पिक्सेल घेणे प्रत्येकाला परवडणार नाही. पण नको ती ॲप्स काढणे, अनुमत्या तपासणे, एफ-ड्रॉइडसारख्या भांडारातील खुली ॲप्स वापरणे आणि आपल्या बँकेला "मला दारात का अडवता?" असे लेखी विचारणे, यासाठी एक पैसाही लागत नाही.

माझे पत्र बँकेकडे गेले आहे. उत्तर अद्याप नाही. येत्या खंडेनवमीला पाटावर हाच फोन असेल. भाच्याने पुन्हा विचारले, तर चावी माझी आहे असे मी सांगेन. एक कुलूप अजून उघडायचे आहे, हेही सांगेन. आपल्या पाटावर काय आहे, ते वाचकांनी स्वतःच पाहावे.