गुणपत्रिका आणि खांद्यावरचे तारे

बारावीचे निकाल लागले की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पत्र बेळगावहून आलेले असो, सोलापूरहून असो की इंदूरहून, मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो. मुलाला लहानपणापासून सैन्यात अधिकारी व्हावयाचे आहे. परंतु यंदा त्याला जेमतेम पंचेचाळीस टक्के गुण मिळाले. आता त्याने ती आशा सोडावी काय? कधी पत्र मुलीचे असते आणि त्यात आणखी एक वाक्य असते : घरात हा विषय काढण्याचीही चोरी झाली आहे.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन टाकतो. आशा सोडण्याचे कारण नाही. तथापि 'सैन्यात काय, कोणालाही घेतात' या समजुतीने कोणी या वाटेला लागणार असेल, तर त्याने येथेच थांबलेले बरे. कमी गुणांनी काही दारे बंद होतात, काही उघडी राहतात. आणि उघड्या दारांतून आत जावयाचे तर गुणपत्रिकेपेक्षा कठीण अशी एक कसोटी उतरावी लागते.

कोणते दार कोणासाठी

सर्वांत परिचित दार म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिची प्रवेशपरीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे हवे आणि बारावी उत्तीर्ण असावे लागते. किती टक्क्यांनी उत्तीर्ण, हे आयोग विचारीत नाही. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व हवाई दल यांसाठी मात्र पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेतलेले असले पाहिजेत. २०२१ पासून हे दार मुलींनाही खुले झाले. त्यांच्या पहिल्या तुकडीतील सतरा मुली मे २०२५ मध्ये प्रबोधिनीचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

यात एक गंमत आहे. अग्निवीर म्हणून सामान्य सैनिकाच्या भरतीला उभे राहावयाचे तर दहावीला सरासरी ४५ टक्के गुण लागतात. अधिकारी होण्यासाठी प्रबोधिनीच्या परीक्षेला बसावयाचे तर टक्क्यांची अट नाही! नीट विचार केला तर यात विसंगती नाही. देशात शालान्त परीक्षा घेणारी मंडळे अनेक. त्यांची गुण देण्याची रीतही निरनिराळी. तेव्हा सर्वांना एकाच प्रश्नपत्रिकेला बसवून नव्याने पारखणे अधिक न्याय्य होय.

परंतु ती प्रश्नपत्रिका सोपी नाही. गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६०० असे ९०० गुण. त्यांत इंग्रजीचे २००. गणिताचा दर्जा अकरावी-बारावीचा असतो आणि चुकीच्या उत्तरास गुण कापले जातात. कला शाखेच्या मुलालाही गणिताची पत्रिका टळत नाही, हे पुष्कळांना अर्ज भरल्यावर कळते. अलीकडच्या काही परीक्षांत ९०० पैकी ३०० च्या आसपास गुण मिळविणारे उमेदवार पुढच्या फेरीस पात्र ठरले आहेत. आकडा लहान दिसतो. पण अर्ज लाखांनी येतात आणि जागा एका वेळी चारशेच्या आसपास असतात, हे विसरू नये.

दुसरे दार पदवीनंतरचे. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, हीही आयोगाचीच. डेहराडूनच्या भारतीय सैनिकी प्रबोधिनीसाठी इंग्रजी, सामान्यज्ञान व गणित अशा तीन पत्रिका असतात. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीसाठी मात्र पहिल्या दोनच. तेथे गणित नाही. बारावीला गणिताने ज्यांचा घात केला, त्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा. चेन्नईसाठी वयाची मर्यादा साधारणपणे १९ ते २५ अशी आहे. बारावीत मागे पडलेल्या मुलाला तीन वर्षांच्या महाविद्यालयीन अभ्यासात स्वतःला सावरून पुन्हा उभे राहण्यास इतका अवधी पुरेसा असतो.

तिसरे दार राष्ट्रीय छात्र सेनेचे, म्हणजे एन.सी.सी.चे. 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत मिळविलेल्या आणि पदवीला सरासरी निदान ५० टक्के असलेल्या छात्राला लेखी परीक्षेवाचून थेट निवड मंडळापुढे जाता येते. हे प्रमाणपत्र एका वर्षात हाती येत नाही. म्हणून महाविद्यालयात नाव घातल्या दिवशीच एन.सी.सी.च्या कचेरीची चौकशी करावी. तिसऱ्या वर्षी जाग येणाऱ्यास हे दार बंदच मिळते.

याउलट काही दारे टक्के विचारूनच उघडतात. बारावीनंतरच्या तांत्रिक प्रवेश योजनेला पदार्थविज्ञान, रसायन व गणित यांत मिळून ६० टक्के गुण आणि अभियांत्रिकीची जे.ई.ई. मेन्स परीक्षा दिलेली असणे आवश्यक आहे. सैन्याच्या विधी शाखेला कायद्याच्या पदवीत ५५ टक्के लागतात. ही दारे आज बंद असतील तर त्यांच्यापुढे खोळंबून राहण्यात अर्थ नाही.

सॅपरपासून मेजरपर्यंत

आणखी एक वाट आहे. ती सर्वांत जुनी आणि सर्वांत लांब. ती आहे सैनिकातून अधिकारी होण्याची. तिची ओळख करून देण्यास कारवारजवळच्या चेंडिया गावच्या राम राघोबा राणे यांच्याहून योग्य उदाहरण आम्हांला सुचत नाही.

राण्यांचा जन्म १९१८ चा. वडील पोलिसांत शिपाई. त्यांच्या बदल्या होत आणि मुलाची शाळाही त्यांच्याबरोबर बदलत असे. १९४० मध्ये राणे बॉम्बे सॅपर्समध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले, एकेक पायरी वर चढले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाले. हे कमिशन त्यांना शाळेच्या दाखल्यावर मिळालेले नव्हते. सात वर्षे त्यांना कामात पाहणाऱ्या वरिष्ठांच्या विश्वासावर ते मिळाले होते.

तो विश्वास किती सार्थ होता, ते चारच महिन्यांत दिसले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या आपल्या रणगाड्यांची वाट शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडे आडवी पाडून रोखली होती. ८ ते ११ एप्रिलपर्यंत, स्वतः जखमी असताना, गोळीबाराखाली राणे यांनी ती वाट मोकळी केली. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत राहून, दोरीच्या खुणेने चालकाला दिशा दाखवीत त्यांनी रणगाडे सुरुंगांतून पुढे नेले. राजौरी मुक्त झाली. राण्यांना परमवीर चक्र मिळाले आणि ते स्वीकारण्यास ते हयात होते. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले.

ही वाट आजही आहे. बारावी उत्तीर्ण आणि किमान दोन वर्षे सेवा झालेल्या, २० ते २७ वर्षे वयाच्या सैनिकांची परीक्षा व निवड होऊन त्यांना डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजात तीन वर्षांचे शिक्षण मिळते. तेथून ते भारतीय सैनिकी प्रबोधिनीत जातात. मात्र २०२२ पासून सैनिकांची भरती अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी होते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होतो. म्हणून 'आधी सैनिक होऊ, मग अधिकारी होता येईलच' असा सोपा हिशेब कोणी मांडू नये. सैनिक व्हावयाचे तर सैनिकाच्या कामाच्या आवडीने व्हावे.

बंगळूरचे पाच दिवस

वरीलपैकी कोणत्याही दाराने गेले तरी उमेदवार अखेर सेवा निवड मंडळापुढे येतो. दक्षिणेतील असे एक मोठे केंद्र आमच्या बंगळूर शहरात कब्बन रोडवर आहे. हाती छोटी पेटी आणि प्रमाणपत्रांची फाईल घेतलेली मुले देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे येतात. राहण्या-जेवण्याची व्यवस्था सरकारी असते आणि त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदा येणाऱ्यास रेल्वेचे भाडेही मिळते.

या पद्धतीचा उगम जाणण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात नुसत्या मुलाखतीवर निवडलेले अनेक तरुण प्रशिक्षणात टिकेनात, तेव्हा ब्रिटनने १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने नवी पद्धत आखली. पुढच्याच वर्षी ती डेहराडून येथे भारतात आली. घराणे, शाळा, ऐटबाज इंग्रजी यांच्या पलीकडचा माणूस कसा ओळखावा, हा त्यामागील प्रश्न होता.

पहिल्या दिवशी बुद्धिमापनाच्या चाचण्या होतात आणि एक चित्र दाखवून गोष्ट लिहावयास सांगतात. पुष्कळ उमेदवार त्याच संध्याकाळी परत जातात. राहिलेल्यांना साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद. साठ प्रसंग, एकूण अर्धा तास. शिवाय बारा गोष्टी, त्यांतली शेवटची कोऱ्या चित्रावर. मग मैदानात फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन आपल्या गटासह अडथळे पार करावयाचे. एक अधिकारी मुलाखत घेतो. अखेरच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय घेतात. प्रबोधिनीच्या परीक्षेत या मंडळाचे गुण लेखी परीक्षेइतकेच, म्हणजे ९०० असतात.

येथे गुणपत्रिका पुन्हा एकदा भेटते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. आरंभी भरावयाच्या माहितीपत्रकात दहावी-बारावीचे गुण लिहावे लागतात आणि मुलाखतीत त्यांविषयी प्रश्न येणे स्वाभाविक आहे. गुण कमी का पडले? यावर पाठ केलेले उत्तर फार वेळ टिकत नाही, कारण एका प्रश्नामागून दुसरा येतो. 'अभ्यास केला नाही. नंतर असे असे करून ती सवय सुधारली' हे उत्तर साधे आहे, पण त्यातली सुधारणा खरोखर घडलेली असली पाहिजे. ज्याने दोन वर्षे पहाटे उठून गणित सोडविले, गावच्या संघात कबड्डी खेळली, दुकानात वडिलांना हातभार लावला, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते.

आणि येथूनही नकार मिळाला तर? डॉ. अब्दुल कलाम तरुणपणी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात उमेदवारी करून, वैमानिक होण्याच्या आशेने डेहराडूनच्या निवड मंडळापुढे गेले होते. जागा आठ होत्या, उमेदवार पंचवीस, आणि त्यांचा क्रमांक नववा आला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मंडळाचा नकार हा त्या दिवसापुरता आणि त्या कामापुरता असतो. वय शिल्लक असेल तर पुन्हा येण्यास आडकाठी नाही; अनेक अधिकारी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस निवडले गेले आहेत.

घरच्यांसाठी दोन शब्द

आईवडिलांना आमची विनंती अशी की, 'दुसरे काही जमत नाही तर फौजेत जा' हे वाक्य घरात उच्चारू नये. त्याने मुलाचा अपमान होतो आणि फौजेचाही. त्यापेक्षा गुण का कमी पडले, याचा शांतपणे शोध घ्यावा. मुलाला फळा नीट दिसत नव्हता काय? इंग्रजीची भीती होती काय? घरातल्या आजारपणात वर्ष गेले काय? की नुसताच आळस होता? कारण सापडले तर उपाय सापडतो. दृष्टीदोष असल्यास तो आजच तपासून घ्यावा, कारण निवडीनंतर वैद्यकीय तपासणी कसून होते.

महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी दोन सरकारी सोयी आहेत. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत प्रवेश परीक्षेने मिळतो. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन मंडळाचे बोलावणे आलेल्यांना नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात विनामूल्य तयारी करून घेता येते. बाकी, 'पैसे भरा, कमिशन मिळवून देतो' असे म्हणणारा जो कोणी भेटेल तो ठकच, हे निश्चित समजावे.

पदवी घेऊन नोकरी-व्यवसायात स्थिर झाल्यावरही प्रादेशिक सेनेचे दार बेचाळिसाव्या वर्षापर्यंत उघडे असते. म्हणजे अठराव्या वर्षीच्या एका निकालाने हा प्रश्न कायमचा मिटत नाही. त्या निकालाने इतकेच सांगितले की, दोन वर्षे अभ्यास कमी पडला. पुढच्या दोन वर्षांत काय होईल, ते मुलाने ठरवावे आणि घराने त्याला साथ द्यावी. येत्या आठवड्यात करावयाचे काम लहानसेच आहे : आयोगाची ताजी जाहिरात मिळवून ती मुलासह बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, आणि त्याच्या वयात कोणत्या परीक्षा किती वेळा बसतात, ते कागदावर मांडावे.